आत्याची साक्ष, कन्नड कागद आणि भाषांतर करणारं यंत्र

मलप्रभाकाठ

मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. जरा मोठं होईल, पण शेवटपर्यंत वाचा. मला खरोखर तुमची मतं हवी आहेत.

माझी आत्या ७१ वर्षांची आहे. आजोबांनी हयातीत केलेल्या वाटणीत तिला दोन एकर बारा गुंठे रान मिळालं. लग्नानंतर ती सासरी गेली आणि रान माझे थोरले चुलते कसत राहिले. दरवर्षी सुगीला तिच्या घरी भाताची पोती जायची. चुलते वारले आणि त्यांच्या मुलांनी, म्हणजे माझ्याच चुलत भावांनी, उताऱ्यावर नाव बदलायला अर्ज दिला. आत्यानं हरकत घेतली आणि पुढे दिवाणी दावा उभा राहिला. भावांशी आमचं बोलणं अजून आहे, लग्नकार्यात जाणं-येणं आहे. त्यामुळे इथं कुणाला दोष द्यायचा नाही.

पहिला प्रसंग हरकतीच्या वेळचा. आम्ही कर्नाटकातल्या सीमाभागातले मराठी, त्यामुळे महसूल खात्याची नोटीस आली ती अर्थातच कन्नडमध्ये. आत्याला कन्नड बोललेलं बाजारापुरतं समजतं, वाचता येत नाही. मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड अक्षरं लागतात, पण सरकारी कन्नडपुढे माझी गाडी अडते. आत्याच्या नातीनं मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला आणि अर्ध्या मिनिटात मराठी समोर. तारीख, वेळ, कोणते कागद आणायचे, सगळं. पूर्वी अशी नोटीस घेऊन गावातल्या जाणत्या माणसाकडे दोन-दोन खेपा घालाव्या लागायच्या, तोवर तारीख उलटून गेलेली असायची. हे यंत्राचं देणं मी कधीच नाकारणार नाही.

पण त्याच नोटिशीत आत्याच्या नावापुढे 'तकरारुदार' असं होतं, म्हणजे हरकत घेणारी. मोबाईलनं त्याचं 'तक्रारदार' केलं. आत्या दोन रात्री झोपली नाही. "मी कधी तक्रार दिली? पोरांना पोलीस नेतील काय माझ्यापायी?" हा एकच प्रश्न.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. दाव्यात आत्याची उलटतपासणी झाली. न्यायालयाची भाषा कन्नड, आत्या बोलणार मराठी. तिथं नेमलेला दुभाषी नव्हता. वकील, टेबलावरचे लोक, ज्याला जमेल तो सांगत होता आणि कन्नडमध्ये टाईप होत होतं. आत्या म्हणाली, "रान थोरल्या भावाला वाट्यानं दिलेलं." टाईप झालं, "जमीनु अण्णनिगे पालिगे कोट्टिद्दे." आत्यानं खाली सही केली.

नक्कल हातात आल्यावर मी ती मोबाईलवर टाकली. मराठी आलं: "जमीन भावाच्या वाट्याला दिली होती."

'वाट्यानं' आणि 'वाट्याला'. शेती करणाऱ्याला यातला फरक सांगायला नको. वाट्यानं दिलं म्हणजे पीक निम्मं-निम्मं, मालकी माझीच. वाट्याला दिलं म्हणजे वाटणीत देऊन टाकलं, विषय संपला. समोरच्या वकिलांचा युक्तिवाद आता याच ओळीवर उभा आहे.

आता ऐकतोय की न्यायालयांतही साक्षी लिहायला आणि भाषांतराला कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे. माझं मन दोन्हीकडे ओढलं जातंय. आपल्या सीमाभागातल्या माणसाला यानं न्याय जवळ येईल की आणखी एक पडदा मध्ये येईल?

अनगोळचा

वाचून अंगावर काटा आला. आमच्या वडिलांच्या वेळी असंच झालेलं. पण दादा, एक लक्षात घ्या, तुमच्या आत्यांचं वाक्य यंत्रानं बिघडवलं नाही. ते माणसांनी टाईप केलं. यंत्रानं फक्त तुम्हाला दाखवलं.

मी यंत्राच्या बाजूनं आहे आणि ठामपणे आहे. वडिलांच्या साक्षीला दुभाषी म्हणून कोण उभं केलं होतं माहितीय? बाहेर बाकावर बसलेला दुसऱ्याच खटल्यातला पक्षकार. दोन्ही भाषा येतात म्हणून त्याला आत बोलावलं. वडील पाच वाक्यं बोलायचे, तो दीड वाक्य सांगायचा. यंत्राला घाई नसते. त्याला समोरच्या वकिलाची भीती नसते, तो मराठी की कन्नड हा प्रश्न नसतो. आपल्या भागात तर ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे.

वकिली२२वर्षे

दिवाणी बाजूला काम करते. आधी आत्यांच्या कामाचं सांगते, मग यंत्राचं.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १८, नियम ६ आहे. साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून वेगळ्या भाषेत लिहून घेतली असेल आणि साक्षीदाराला ती लिहिलेली भाषा समजत नसेल, तर लिहिलेलं त्याला त्याच्याच भाषेत समजावून सांगायला हवं. हे बंधन आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. आत्यांना तसं सांगितलं गेलं का, हे पहिलं तपासा. त्याच आदेशाचा नियम १७ न्यायालयाला साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अधिकार देतो. तुमच्या वकिलांशी लगेच बोला, युक्तिवाद संपण्याच्या आत अर्ज गेला पाहिजे.

एक सावधगिरी. 'वाट्यानं' हा शब्दही कर्नाटकात साधा नाही. इथल्या जमीन सुधारणा कायद्यातली १९७४ ची दुरुस्ती आठवा. १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि पुढे जमीन कसायला देण्यावर कडक बंदी आली. घरातल्या भावानं बहिणीचं रान कसलं आणि पोती पोचवली, ही व्यवस्था नेमकी कशी होती, केव्हापासून होती, हे आत्यांनी त्यांच्या शब्दांत पूर्ण सांगायला हवं. एका शब्दावर सोडू नका.

आता यंत्र. फौजदारी कामात नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१२ बघा. जुन्या संहितेत ते २७७ होतं. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेत बोलत असेल तर त्या भाषेत लिहायचं. दुसऱ्या भाषेत बोलत असेल तर शक्य असल्यास त्याच भाषेत लिहून घेता येतं. शक्य नसेल तरच न्यायालयाच्या भाषेत खरं भाषांतर करायचं. इतकी वर्षं आपल्याकडे ते 'शक्य' नव्हतं, कारण मराठी टाईप करणारा माणूस टेबलावर नाही. बोललेलं ऐकून मराठीत उतरवणारं यंत्र आलं तर ही सबब उरत नाही. यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथं दिसतो. भाषांतर त्याच्या नंतर. आधी साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे कागदावर येऊ देत.

शहापूर_ते_बेंगळुरू

मी याच क्षेत्रात काम करतो, भाषेच्या यंत्रांवर. ताईंचा मुद्दा मनापासून पटला. पण आतली गोष्ट सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाची 'सुवास' नावाची भाषांतर प्रणाली नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. नऊ भारतीय भाषा होत्या, त्यात मराठीही आणि कन्नडही. पण रचना इंग्रजी आणि ती भाषा अशी, मराठी ते कन्नड थेट रस्ता नाही. आपल्या रोजच्या मोबाईलमधल्या यंत्रांतही बहुतेक वेळा मराठी-कन्नड मजकुराच्या जोड्या फार थोड्या असतात, म्हणून इंग्रजीचा किंवा हिंदीचा वळसा पडतो. वळशात काय होतं बघा. 'शिक्षा' हा शब्द मराठीत दंड, कन्नडमध्ये 'शिक्षे' म्हणजेही दंड. आपल्या दोन भाषा इथं एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. पण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! दोन घरं शेजारी शेजारी आहेत आणि यंत्र दिल्लीवरून फिरून येतं.

उलट फसवणारे शब्दही आहेत. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे शंका, संशय. मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. एखादा कन्नड साक्षीदार म्हणाला, "सहीबद्दल ननगे अनुमान इदे," तर त्याला सही खोटी वाटतेय. मराठी कागदावर तेच 'अनुमान' राहिलं तर वाचणारा म्हणेल, यानं सहीवरून काहीतरी ठरवलंय. संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा असतो. तिथंच हा शब्द बसला तर?

आणि आपली बोली! यंत्राला मराठी शिकवली ती वर्तमानपत्रांची, पुण्या-मुंबईची. "काय करूलास?", "जाऊलाय" हे त्यानं फारसं ऐकलेलंच नाही. ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी ते जवळचा ओळखीचा शब्द बसवतं, तेही अजिबात न अडखळता. आमच्या आज्जीसारख्या कितीतरी बायका "मी गेलो, मी आलो" असंच बोलतात. कागदावर ती साक्ष पुरुषाची वाटेल. माणूस दुभाषी निदान थांबतो, "काय म्हणालात बाई?" विचारतो. हे थांबणं यंत्राला मुद्दाम शिकवावं लागतं, आणि विकत घेणाऱ्यानं ते मागावं लागतं.

घटप्रभा

भावनेच्या भरात लिहितो आहे, पण विचार करूनच.

आम्ही इथले मराठी लोक १९५६ पासून मराठीत कागद मागतो आहोत. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनात भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणं मांडली गेली. त्यांत जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि नोटिसा द्याव्यात असं ठरलं. घटनेचं कलम ३५० तर कुठल्याही नागरिकाला राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडू देतं. यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत.

माझी भीती सरळ आहे. उद्या मराठी परिपत्रक मागायला गेलो की उत्तर मिळेल, "मोबाईल आहे ना, धरा त्याच्यावर." जी जबाबदारी सरकारची होती, ती आपल्या खिशातल्या यंत्रावर ढकलली जाईल. आणि भाषांतर चुकलं तर चूकही आपलीच! आत्याबाईंनी दोन रात्री जागून काढल्या, त्याचं उत्तर कोण देणार?

अनगोळचा

@घटप्रभा, काका, तुमचा लढा मी मानतो. पण हक्काचा कागद मिळेपर्यंत माझ्या आईनं नोटीस न वाचताच ठेवायची का?

घटप्रभा

नाही बाळा, वाचूच दे. घरात वाचायला यंत्र असू दे. माझा विरोध आहे तो सरकारनं त्यालाच आपलं कर्तव्य म्हणून दाखवण्याला.

सह्याद्रीपलीकडे

२००४ पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो निकाली निघाला की हे सगळे प्रश्नच मिटतील. महाजन आयोगानं घोळ घातला नसता तर…

मलप्रभाकाठ

@सह्याद्रीपलीकडे, त्या दाव्याबद्दल माझंही मत आहे, पण कृपया हा धागा तिकडे नेऊ नका. आत्या ७१ ची आहे. तिला आज ज्या न्यायालयात उभं राहायचंय, तिथं तिचं म्हणणं नीट लिहिलं जावं, एवढंच विचारतोय. आणि सीमेच्या पलीकडे गेलेल्या कन्नड माणसालाही हाच प्रश्न पडणार. जत, अक्कलकोटकडच्या कन्नड आज्जीची साक्ष मराठी न्यायालयात लिहिली जाते तेव्हा तिलाही हेच हवं असणार.

टेबलाच्या_अलीकडून

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड. बालपण खानापूर तालुक्यात गेलं म्हणून मराठी घरच्यासारखी. न्यायालयात टंकलेखनाच्या कामावर बरीच वर्षं काढली. कुठे ते लिहीत नाही.

आत्याबाईंच्या ओळीबद्दल सांगू का? टाईप करणाऱ्यानं लबाडी केली असेल असं मला वाटत नाही. कन्नडमध्ये 'पालु' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. वडिलोपार्जित वाटणीतला हिस्सा म्हणजे पालु आणि पिकातला वाटाही पालुच. 'पालिगे कोट्टिद्दे' हे आमच्या खेड्यातल्या माणसानं ऐकलं तर तो पुढचं-मागचं बघून अर्थ लावेल. मराठीत एका प्रत्ययानं जे स्पष्ट होतं, ते कन्नडमध्ये जादा शब्द घालून स्पष्ट करावं लागतं. 'पिकाच्या वाट्यावर' असं लिहायला हवं होतं. एका तासात तीन साक्षी संपवायच्या असतात तेव्हा तो जादा शब्द राहतो.

म्हणून मला वकीलताईंचं पटतं. मूळ मराठी वाक्य शेजारी असतं तर वरच्या न्यायालयात कुणीही मराठी जाणणारा ते पाच सेकंदांत सोडवेल. आता तुमचं प्रकरण अपिलात धारवाडला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेलं, तर तिथली भाषा घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी. म्हणजे मराठीचं कन्नड, कन्नडचं इंग्रजी. तिथल्या न्यायमूर्तींपुढे आत्याबाई पोचतच नाहीत, पोचतं ते भाषांतराचं भाषांतर.

दुसरी गोष्ट. शपथ कायदा, १९६९ च्या कलम ४ मध्ये साक्षीदाराबरोबर दुभाष्यालाही शपथ सांगितली आहे. फौजदारी संहितेतही दुभाष्यानं खरा अर्थच सांगितला पाहिजे असं वेगळं कलम आहे. मी कितीतरी दुभाष्यांना शपथ घेताना बघितलंय. काहींचा आवाज कापायचा. चुकलं तर त्याला उभं करून विचारता येतं, "तू हा शब्द का वापरलास?" यंत्राला शपथ कुणी द्यायची? त्याच्या वतीनं कोण उभं राहणार, बनवणारी कंपनी, विकत घेणारं खातं की मी, ज्यानं बटण दाबलं?

वकिली२२वर्षे

@टेबलाच्या_अलीकडून, तुमच्यासारखी माणसं टेबलावर असतात म्हणून आमचं काम चालतं. शपथेचा मुद्दा हाच सगळ्याचा गाभा आहे. कायद्याचं राज्य म्हणजे मोठे शब्द नकोत, ज्याच्या शब्दानं माझं रान जाऊ शकतं त्याला मी प्रश्न विचारू शकले पाहिजे, इतकं साधं आहे.

यंत्रावर आंधळा भरवसा ठेवल्यावर काय होतं त्याची उदाहरणं आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, प्रत्यक्षात नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले. पाच हजार डॉलर दंड झाला. आपल्या राज्यातही मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं बेंगळुरूच्या एका दिवाणी न्यायाधीशांच्या आदेशाची गंभीर दखल घेतली. आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते आले कुठून हा चौकशीचा भाग, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आता सांगते, निवाडा स्वतः उघडून पहिल्या पानापासून वाच, मगच अर्जात घाल.

केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं. निष्कर्ष, आदेश, निकाल यांसाठी ही यंत्रं वापरायची नाहीत. भाषांतर केलं तर ते भाषांतरकारानं किंवा न्यायाधीशांनी स्वतः तपासायचं. आपल्या भागासाठी यात एक ओळ वाढवावी असं मला वाटतं. तपासणारा माणूस साक्षीदाराची बोली जाणणारा हवा. पुण्याची मराठी येणारा माणूसही 'करूलास'ला अडेल.

शहापूर_ते_बेंगळुरू

सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ ला महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत तोंडी युक्तिवाद यंत्रानं लिहून घेणं सुरू झालं. मजकूर तपासायला वकिलांकडे जायचा. तिथं मोठमोठे वकील, त्यांच्या हाताखाली चार-पाच जण, ते तपासतात. आत्यांच्या बाजूनं कोण तपासणार? तपासायचा हक्क कागदावर असून भागत नाही. ध्वनिमुद्रण ठेवा, नक्कल मागितली की मजकुरासोबत तेही द्या. आवाज असेल तर 'वाट्यानं' की 'वाट्याला' हा वाद दहा वर्षांनीही मिटेल. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काहीच नाही.

आणखी एक विनंती सगळ्यांना. खटल्याची कागदपत्रं कुठल्याही फुकट ॲपवर टाकू नका. नाव, सर्व्हे नंबर, सह्या, आधार क्रमांक, सगळं परक्याच्या संगणकावर जातं. नोटिशीची तारीख बघायची तर तेवढाच भाग धरा.

संकेश्वरची_लेक

मी फक्त एवढंच सांगायला आले. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे आणि त्यात महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा. माझ्या बहिणीला मिळाला. आत्यांना वकिलांच्या फीची अडचण असेल तर जरूर सांगा.

अनगोळचा

माझं मत थोडं बदललं, प्रांजळपणे सांगतो. मी यंत्राला निःपक्ष म्हणालो कारण बाकावरच्या त्या माणसाचा राग अजून मनात आहे. पण त्या माणसाला वडिलांनी निदान हात धरून थांबवलं होतं, "असं नाही म्हणालो मी." तेवढं मराठी-कन्नड वडिलांना कळत होतं. यंत्र इंग्रजीतून फिरून आलं असतं तर कुठे चुकलं ते त्यांना कळलंच नसतं. तरीही मी यंत्र नकोच असं म्हणणार नाही. आवाज साठवू दे, मराठी मराठीत लिहू दे. अर्थ लावायला शपथ घेतलेला माणूस बसवा.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितोय.

आमच्या वकिलांना नियम ६ आणि नियम १७ दाखवले. साक्ष आत्याला मराठीत वाचून दाखवली नव्हती, हे त्यांनाही आठवतं. साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अर्ज तयार झाला आहे. सोबत मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा शपथबद्ध दुभाषी द्यावा आणि तिचं मूळ वाक्य मराठीत नोंदवावं अशी विनंतीही घातली. मान्य होईल की नाही माहीत नाही.

काल आत्याकडे गेलो होतो. तिला 'पालु'चा घोळ समजावून सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या लिवणाऱ्या पोराची चूक न्हवं. मीच सुगीचं सगळं सांगाय पायजे हुतं. किती पोती, कुठल्या सालापासनं, कोण घिऊन यायचं." आणि तिनं बोटांवर मोजत सगळं सांगितलं, चुलत्यांची बैलगाडी कुठल्या साली विकली तिथपासून. मी मोबाईलवर आवाज घेतला. यंत्राला लिहायला दिलं नाही, मीच वहीत उतरवून काढलं. तीन पानं झाली.

टेबलाच्या_अलीकडून

फार चांगलं केलंत. आत्याबाईंना माझा एक निरोप द्या. सहीसाठी कागद पुढे आला की पेन लगेच हातात घ्यायचं नाही. "आधी मराठीत वाचून दाखवा," असं म्हणायचं. मराठीत म्हटलं तरी चालतं, आमच्या टेबलावर सगळ्यांना समजतं. कुणी घाई केली तर न्यायाधीशांकडे बघून पुन्हा तेच म्हणायचं.

मलप्रभाकाठ

निरोप पोचवला. तारीख पुढच्या महिन्यात आहे. झालं की इथंच लिहितो.